घरावरचा डोळा मिटतो तेव्हा

तिरुवान्मियूर हा चेन्नईच्या दक्षिणेकडील किनाऱ्यालगतचा भाग. तेथे समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आमची बारा बिऱ्हाडांची इमारत आहे. बँकेतील बदलीमुळे मी येथे राहावयास आलो, तेव्हा प्रवेशद्वार, वाहनतळ, जिना व गच्ची मिळून आठ कॅमेरे बसविलेले होते आणि त्यांची आठ चित्रे वॉचमनच्या खोलीतील पडद्यावर अहोरात्र दिसत असत. वॉचमन पन्नाशी ओलांडलेले होते. त्यांना सर्वजण ‘अण्णा’ म्हणत. तमिळ काय आणि मराठी काय, या शब्दातला मान दोन्हीकडे सारखाच.

ऑक्टोबर महिन्यातील एका रात्री वाहनतळातून एक स्कूटर नाहीशी झाली. सकाळी आम्ही सारे मोठ्या विश्वासाने त्या पडद्यासमोर जमलो. रात्रीचे चित्रण काढू गेलो तर उपकरणातील शेवटची नोंद जून महिन्यातील निघाली. पडद्यावर चित्रे दिसत होती, कॅमेरे चालू होते. पण चित्रण साठविणारी हार्डडिस्क चार महिन्यांपूर्वीच बंद पडली होती. त्या वेळी उपकरण बीप-बीप असा आवाज करून तसे सांगतही होते. त्या आवाजाने झोपमोड होते, तो बंद करा, अशी तक्रार रहिवाशांच्या बैठकीत झाली आणि दुरुस्तीला आलेल्या मुलाने एक कळ दाबून तो बंद केला. तक्रार करणाऱ्यांत मीही होतो.

चित्रण नाही म्हटल्यावर संशय जवळच्या माणसावर गेला. त्या वेळी आपण मागच्या अंगणात पाण्याची मोटार चालवीत होतो, असे अण्णा पुनःपुन्हा सांगत होते. चेन्नईत पाणी रात्री-अपरात्री जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवर चढवावे लागते, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. तरीही कुणी ठामपणे त्यांची बाजू घेतली नाही. चौथ्या दिवशी ते हिशेब करून विळुप्पुरमजवळच्या आपल्या गावी निघून गेले. अकराव्या दिवशी समोरच्या औषधांच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी दोन तरुण ती स्कूटर हाताने ढकलीत नेताना दिसले. आम्ही अण्णांना निरोप धाडला. ते परत आले नाहीत.

कॅमेरा हे चोर पकडण्याचे साधन आहे, एवढेच आपण समजतो. निरपराध माणसाचा साक्षीदार म्हणून त्याचा जो उपयोग असतो, त्याकडे आपले लक्ष जात नाही. त्या घटनेनंतर मी हे यंत्र समजावून घेण्याचा उद्योग केला. जे समजले ते आमच्या ग्राहकमित्रांसाठी आणि शाखांतील सहकाऱ्यांसाठी येथे लिहीत आहे.

कॅमेऱ्यांचे शहर

चेन्नईत हा विषय घरोघरी का बोलला जातो, यालाही काही कारणे आहेत. जानेवारी २०१२ मध्ये पेरुंगुडी येथे आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये कीळकट्टलै येथे दोन बँक शाखांवर भर दिवसा दरोडे पडले आणि दोन्ही शाखांत कॅमेरे नव्हते, ही गोष्ट तेव्हा फार चर्चिली गेली. त्याच वर्षाअखेर तमिळनाडू शासनाने नागरी भागांतील सार्वजनिक इमारतींत सीसीटीव्ही बसविण्यासंबंधी नियम केले. पुढे २४ जून २०१६ रोजी सकाळी नुंगम्बाक्कम रेल्वे स्थानकाच्या फलाटावर एका तरुणीची हत्या झाली. एवढ्या वर्दळीच्या स्थानकावर एकही कॅमेरा नव्हता. तपासाला धागा मिळाला तो आसपासच्या गल्ल्यांतील खासगी कॅमेऱ्यांच्या चित्रणातून.

यानंतर २०१७ मध्ये, पोलीस आयुक्त ए. के. विश्वनाथन यांच्या कारकिर्दीत, शहर पोलिसांनी ‘तिसरा डोळा’ ही मोहीम हाती घेतली. रहिवासी संघ, दुकानदार, व्यापारी मंडळे यांनी स्वखर्चाने रस्त्याकडे पाहणारे कॅमेरे बसवावेत, असे आवाहन होते. लोकांनी प्रतिसादही भरभरून दिला. खांबाखांबांवर कॅमेरे आले. पण बसविण्याचा उत्साह आणि सांभाळण्याची चिकाटी या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पुढील वर्षांत त्यांपैकी अनेक कॅमेरे नादुरुस्त होऊन नुसते लटकत असल्याच्या बातम्या येथील वृत्तपत्रांतून येऊ लागल्या. उद्घाटनाची फीत कापावयास माणसे मिळतात. दर महिन्याला काच पुसावयास मिळत नाहीत, हा अनुभव केवळ चेन्नईचा नव्हे.

दोष कोठे शोधावा

कॅमेरा ‘बंद पडला’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा कॅमेरा शाबूत असतो. कॅमेऱ्यास वीज देणारा अडॅप्टर, चित्र वाहून नेणारी केबल, केबलच्या दोन टोकांचे जोड, ध्वनिचित्रण साठविणारे यंत्र, त्यातील हार्डडिस्क आणि मोबाइलपर्यंत चित्र पोहोचविणारे इंटरनेट अशी ही साखळी असते. यांतील कोणतीही एक कडी तुटली तरी आपल्याला दिसतो तो काळा पडदाच. घरोघरच्या जुन्या पद्धतीच्या यंत्रास डीव्हीआर म्हणतात. त्यास जाड गोल केबल जोडलेली असते. नव्या पद्धतीचे कॅमेरे संगणकाच्या जाळ्याच्या केबलवर चालतात आणि त्यांच्या यंत्रास एनव्हीआर म्हणतात. दुसऱ्या प्रकारात एकाच केबलमधून वीज व चित्र दोन्ही जातात, म्हणून जोड कमी आणि तक्रारीही थोड्या कमी. मात्र ती केबल सलग शंभर मीटरपेक्षा लांब नसावी.

पहिला प्रश्न स्वतःला विचारावयाचा तो असा : सर्व चित्रे गेली आहेत की एकच? सर्व एकदम गेली असतील तर आठही कॅमेरे एकाच रात्री मरण पावले, असे होणे नाही. दोष सामायिक जागी आहे. म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीत, यंत्रात अथवा पडद्याच्या केबलमध्ये. पडदा काळा असताना मोबाइलवर चित्र दिसत असेल तर यंत्र निर्दोष आहे. पडद्याची केबल सैल झालेली आहे. उलट पडद्यावर दिसते आणि मोबाइलवर दिसत नाही, तर इंटरनेट पाहावे.

एकच चित्र गेले असेल तर एक साधी युक्ती आहे. यंत्राच्या मागील बाजूस बंद कॅमेऱ्याची पिन काढून ती चालू असलेल्या कॅमेऱ्याच्या जागी लावावी. तेथे चित्र उमटले तर कॅमेरा व केबल ठीक असून यंत्राचे ते एक छिद्र निकामी झाले आहे. नाही उमटले तर दोष यंत्राच्या पलीकडे, केबलमध्ये किंवा कॅमेऱ्यात आहे. मग शिडी लावून कॅमेऱ्याजवळचे जोड पाहावेत. चालू असलेला अडॅप्टर क्षणभर तेथे लावून पाहावा. एवढ्या दोन-तीन अदलाबदलींत बहुतेक वेळा दोष सापडतो. त्यास खर्च शून्य लागतो, आणि दुरुस्तीवाला आल्यावर ‘सगळेच बदलावे लागेल’ हे वाक्य ऐकण्याची वेळ येत नाही.

खारा वारा आणि ईशान्य मॉन्सून

आमच्या भागात लोखंडी जाळी दोन वर्षांत गंजते आणि वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या पेटीची तांब्याची नळी हिरवी पडते. कॅमेऱ्यांचेही तेच. जुन्या पद्धतीच्या जोडणीत ‘थ्री प्लस वन’ केबल वापरतात. तिच्यात चित्रासाठी एक आणि विजेसाठी तीन तारा असतात. केबलच्या टोकास असलेली बीएनसी पिन व विजेची बारीक पिन कॅमेऱ्यामागे उघड्यावर लोंबत ठेवण्याची वाईट सवय सर्वत्र आढळते. त्यांवर खारी हवा बसली की काही महिन्यांत हिरवट-पांढरा थर चढतो. आधी चित्रावर तिरक्या रेघा येतात, मग ते अधूनमधून जाते, आणि शेवटी पडद्यावर ‘व्हिडिओ लॉस’ ही अक्षरे उमटतात. वीज बंद करून पिन काढावी, कोरड्या ब्रशने साफ करावी आणि फारच खराब झाली असेल तर सरळ नवी लावावी. माउंट रोडजवळच्या रिची स्ट्रीटवर, जेथे इलेक्ट्रॉनिक वस्तूंची शेकडो दुकाने दाटीवाटीने उभी आहेत, ही पिन क्षुल्लक किमतीत मिळते. नवा कॅमेरा घ्यावयास गेलेला मनुष्य तेथून दोन पिना घेऊन परत येऊ शकतो. हे मी स्वानुभवाने सांगतो.

सर्व जोड प्लास्टिकच्या बंद पेटीत ठेवावेत. केबल भिंतीतून आत शिरण्यापूर्वी तिला किंचित खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाईल, भोकातून आत येणार नाही. कोकणात छपरावरून तारा घेताना जुने वायरमन नेमके हेच करीत.

चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो, जेव्हा महाराष्ट्रात थंडीची चाहूल लागलेली असते. डिसेंबर २०१५ चा महापूर, १२ डिसेंबर २०१६ चे वर्धा चक्रीवादळ, डिसेंबर २०२३ मधील मिचाँग वादळाचा पाऊस ही तीन नावे येथील प्रत्येक घरास पाठ आहेत. वर्ध्याच्या वेळी हजारो झाडे उन्मळून पडली आणि अनेक वस्त्यांत कित्येक दिवस वीज नव्हती. मिचाँगच्या वेळी वेळच्चेरी, पळ्ळिकरणै या सखल भागांत तळमजले पाण्याखाली गेले. चित्रण साठविणारे यंत्र बहुतेक इमारतींत असते ते मात्र तळमजल्यावर, वॉचमनच्या खोलीत, बाकाखाली! ज्या दिवसांत इमारत रिकामी करून लोक नातेवाइकांकडे जातात, नेमक्या त्या दिवसांचे चित्रण त्यामुळे पाण्यात जाते. यंत्र पहिल्या मजल्यावर, कुलूपबंद पण हवेशीर पेटीत ठेवावे. तेवढी केबल वाढविण्याचा खर्च फार नाही. आणि यंत्र भिजलेच, तर ते चालते का हे पाहण्यासाठी वीज चालू करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ओल्या यंत्रात वीज सोडली की वाचू शकणारी हार्डडिस्कही जाते.

विजेसंबंधी आणखी एक गमतीदार तक्रार वारंवार ऐकू येते : ‘कॅमेरा दिवसा छान चालतो, अंधार पडला की बंद!’ यात भुताटकी नाही. अंधार पडताच कॅमेऱ्यातील अवरक्त किरणांचे दिवे लागतात आणि त्याची विजेची मागणी वाढते. अडॅप्टर जुना झाला असेल, किंवा लांब व बारीक तारेतून येताना बारा व्होल्टचे दहाच उरत असतील, तर दिवसा कसाबसा तग धरणारा कॅमेरा संध्याकाळी मान टाकतो. दिवे विझताच भार कमी होतो, तो पुन्हा सुरू होतो, दिवे पुन्हा लागतात, पुन्हा तो बंद पडतो. असे रात्रभर चालते. चार कॅमेऱ्यांस पाच अँपिअरची आणि आठांस दहा अँपिअरची वीजपेटी हा बाजारातील रूढ हिशेब आहे. त्यात काटकसर करू नये. अडॅप्टर हाताला चटका बसेल इतका तापत असेल तर तो बदलण्याची वेळ झाली, असे समजावे.

रात्री चित्र बंद न पडता केवळ पांढरेधोप दिसत असेल, तर मात्र विजेकडे जाऊ नये. काचेवरील क्षार, धूळ अथवा कोळ्याचे जाळे यांवरून त्याच किरणांचे परावर्तन होत असते. त्या दिव्यांभोवती चिलटे जमतात, चिलटांसाठी कोळी येतो. मऊ ओले फडके आणि लांब दांड्याचा झाडू हा त्यावरचा संपूर्ण उपचार आहे.

चित्रण किती दिवसांचे?

आता आमच्या इमारतीत जे घडले, त्या मुद्द्याकडे येतो. या लेखातील एवढा एकच भाग वाचकांनी लक्षात ठेवला, तरी मला पुरे आहे. पडद्यावर चालू चित्र दिसते याचा अर्थ चित्रण साठते आहे, असा मुळीच नाही. ही दोन कामे यंत्राचे दोन निराळे भाग करतात. म्हणून तपासणी पडद्याकडे पाहून होत नाही. कालच्या रात्रीचे चित्रण मागे जाऊन पाहिले तरच ती होते.

हार्डडिस्क हा या साखळीतील सर्वांत कष्टाळू भाग होय. घरच्या संगणकातील डिस्क दिवसातून काही तास काम करते. ही चोवीस तास लिहीत असते. म्हणून या कामासाठी खास बनविलेली डिस्क मिळते. तिच्याऐवजी संगणकाची साधी किंवा कुठून तरी काढलेली जुनी डिस्क बसविलेली असेल, तर ती लवकर थकते. खरेदीच्या पावतीवर डिस्कचा प्रकार लिहून घ्यावा.

ती किती दिवस पुरते, याचा हिशेब आपण बँकेतील माणसे सहज करू शकतो. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने लिहितो असे धरले, तर दिवसाचे ८६,४०० सेकंद आणि आठ बिटांचा एक बाइट, या हिशेबाने एका दिवसाचे सुमारे २१.६ गिगाबाइट होतात. आठ कॅमेऱ्यांचे १७२.८. म्हणजे एक टेराबाइटची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. त्यानंतर यंत्र सर्वांत जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहू लागते. उन्हाळ्याच्या सुटीत तीन आठवडे गावी जाणाऱ्या कुटुंबाने परत आल्यावर चोरीचा शोध घ्यावा म्हटले, तर पहिल्या पंधरवड्याचे काहीच शिल्लक नसते. डिस्क मोठी घ्यावी, अथवा हालचाल झाली तरच चित्रण करावे अशी सूचना यंत्रास द्यावी. आणि चोरी लक्षात येताच सर्वप्रथम त्या वेळेचे चित्रण पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे. पंचनाम्याची वाट पाहत बसू नये. ‘डिस्क एरर’ असा संदेश आला तर यंत्र ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारते. त्यास घाईने होकार देऊ नये. होकार म्हणजे असेल नसेल ते सारे पुसून टाकण्यास दिलेली संमती होय.

येथे ओघाने एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्या बँकांच्या लॉकर विभागास याबाबत कडक नियम आहे. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी लॉकरसंबंधी ज्या सुधारित सूचना दिल्या, त्यांनुसार स्ट्राँगरूममधील ये-जा टिपणारे चित्रण किमान १८० दिवस जपून ठेवावयाचे असते. आणि लॉकर आपल्या परवानगीविना उघडला गेल्याची तक्रार ग्राहकाने केल्यास, पोलीस तपास संपून वाद मिटेपर्यंत ते राखून ठेवावे लागते. घरासाठी सहा महिन्यांची गरज नाही. तीस दिवस मिळाले तरी उत्तम.

यंत्राचे घड्याळ हा आणखी एक दुर्लक्षित भाग. यंत्रात नाण्याच्या आकाराची एक बॅटरी असते. ती संपली की वीज जाऊन आल्यावर तारीख थेट १ जानेवारी २००० किंवा १९७० वर जाते. चित्रण होत राहते, पण शोधावयास गेल्यास आजच्या तारखेखाली काही सापडत नाही आणि आपण यंत्र बिघडले असे समजतो. कधी घड्याळ बरोबर अडीच तास पुढे असते. तेव्हा समजावे की यंत्र कारखान्यातून आले तसेच, चीनच्या प्रमाणवेळेवर चालू आहे. भारताची वेळ निवडली की काम होते.

ही वेळ किती महत्त्वाची, हे मराठी वाचकांस जालन्याच्या एका प्रकरणावरून ठाऊक असेल. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातील उमेदवारी अर्ज मुदत संपल्यानंतर स्वीकारला गेला, असा आक्षेप होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण पुरावा म्हणून पुढे आले. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला आणि अशा चित्रणाच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडणे आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. तेव्हा ते कलम भारतीय पुरावा अधिनियमातील ६५-ब होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ त्याच्या जागी आले आहे. आपल्या इमारतीचे चित्रण पोलिसांस देताना ते कोणत्या यंत्रातून, कोणी व केव्हा उतरविले, याची नोंद ठेवावी आणि मूळ यंत्र तसेच राखून ठेवावे.

वायफायचा छोटा कॅमेरा

वृद्ध आईवडील एका गावी आणि मुले दुसऱ्या गावी, ही आता बदलीच्या नोकरीतील प्रत्येकाची कथा आहे. माझी आई सोलापुरास असते. तिच्या दिवाणखान्यात मी वायफायवर चालणारा एक लहान कॅमेरा ठेवला आहे. एके दिवशी दुपारी मोबाइलवर ‘डिव्हाइस ऑफलाइन’ असे आले. आईचा फोनही लागेना. अर्धा तास मनाने नाना चित्रे रंगविली. अखेर शेजारच्या वहिनींनी जाऊन पाहिले, तर आई स्वस्थपणे भाजी निवडीत बसलेली. “अरे, एवढी काळजी वाटते तर रोज संध्याकाळी फोन करत जा की. त्या डबीत बघून तुला काय कळणार?” असे तिने ऐकविले. तिचे म्हणणे खोटे नव्हते.

झाले होते एवढेच, की इंटरनेटवाल्याने सकाळी जुना राउटर बदलून नवा बसविला होता. अशा लहान कॅमेऱ्यांस जाळ्याचे नाव व पासवर्ड एकदाच शिकविलेले असतात. ते बदलले की त्यांची वाट चुकते. नव्या राउटरला जुनेच नाव व जुनाच पासवर्ड द्यावयास सांगितले तर कॅमेरा आपण होऊन जोडला जातो. बरेच स्वस्त कॅमेरे केवळ २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावर चालतात, आणि नवा राउटर पाच गिगाहर्ट्झवरच ठेवला असेल तर त्यांना तो दिसतच नाही. वीज गेल्यावर कॅमेरा इन्व्हर्टरवर चालू राहतो पण राउटर बंद पडतो, हेही नेहमीचे. दोन्ही एकाच इन्व्हर्टरवर घ्यावेत. रीसेटची बारीक कळ सर्वांत शेवटी दाबावी, कारण तीमुळे शिकविलेले सारे पुसले जाते आणि पुन्हा जोडण्यासाठी कुणीतरी त्या घरी प्रत्यक्ष असावे लागते. या कॅमेऱ्यांतील मेमरी कार्डही सतत लिहून झिजते; अशा कामासाठीचे टिकाऊ कार्ड वेगळे मिळते.

कॅमेरा दिवाणखान्यात ठेवला, शयनगृहात नाही, आणि आईस विचारून ठेवला, हेही नमूद करतो. ज्याच्याकडे पाहावयाचे त्याची संमती घरातही घ्यावी.

मदत मागताना

यंत्र बंद पडल्यावर मनुष्य घाबरतो आणि इंटरनेटवर कंपनीचा मदत क्रमांक शोधतो. बँकेतील माझ्या अनुभवात खरा धोका येथे सुरू होतो. शोधात वर येणारा क्रमांक कंपनीचाच असेल असे नाही. पलीकडील गोड आवाज ‘आम्ही येथूनच दुरुस्त करतो’ म्हणून मोबाइलचा पडदा दुसऱ्यास दाखविणारे एखादे ॲप उतरवून घ्यावयास सांगतो, मग नोंदणीसाठी दहा रुपये भरावयास सांगतो. ते भरताना तुमचा पिन आणि ओटीपी त्याच्या डोळ्यांसमोर टंकिले जातात. अशा ॲपविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. मदत क्रमांक यंत्राच्या खोक्यावरून किंवा पावतीवरूनच घ्यावा. कॅमेरा दुरुस्त करण्यासाठी बँकेचा पिन कधीही लागत नाही.

तरीही फसगत झाली, तर लाजून गप्प बसू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर आणि आपल्या शाखेस कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आखून दिलेले तत्त्व असे, की ग्राहकाच्या स्वतःच्या हलगर्जीपणाने नुकसान झाले तर बँकेस कळवेपर्यंतचा भार त्याच्यावर आणि कळविल्यानंतरचा बँकेवर. काउंटरवर येऊन आमचे ग्राहक ‘मुले रागावतील म्हणून दोन दिवस बोललो नाही’ असे सांगतात, तेव्हा ते दोन दिवस किती महाग पडले हे आम्हांस दिसत असते.

कॅमेऱ्याचा पासवर्डही कारखान्यातून आलेला तसाच ठेवू नये. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास ठप्प झाली. त्या हल्ल्यासाठी ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील घरगुती कॅमेरे व डीव्हीआर वेठीस धरले होते. त्यांचे कारखान्यातील पासवर्ड कुणी बदललेच नव्हते. इंटरनेटला जोडता येणाऱ्या कॅमेऱ्यांची सुरक्षाचाचणी भारत सरकारने एप्रिल २०२५ पासून सक्तीची केली आहे. नवा कॅमेरा घेताना प्रमाणित आहे का, हे विक्रेत्यास अवश्य विचारावे. जुन्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड मात्र अवश्य बदलावा.

आमच्या इमारतीत आता यंत्र पहिल्या मजल्यावर आहे, डिस्क नवी आहे आणि बीपचा आवाज पुन्हा चालू केला आहे. दर महिन्याच्या पाच तारखेस देखभालीची वर्गणी गोळा होते, तेव्हा आमचे सचिव व मी मिळून आदल्या रात्री तीन वाजताचे चित्रण आठही कॅमेऱ्यांवर मागे जाऊन पाहतो आणि घड्याळ मोबाइलच्या वेळेशी ताडून वहीत सही करतो. या कामास दहा मिनिटे लागतात. गेल्या महिन्यात तीन क्रमांकाचा कॅमेरा रात्रभर पांढरा दिसत होता. नव्या वॉचमनने झाडू बांधलेली काठी आणली आणि जाळे काढले.